चौथं पान

आमच्याकडे फ्रीज उघडला की मागच्या खोलीत कल्ला व्हायचा. भाजीच्या कप्प्यातली पिशवी नुसती चुरचुरली तरी चार गळे एकदम सुरू, कुईक-कुईक-कुईक, आणि कोथिंबिरीच्या काड्या समोर पडेपर्यंत कुणी माघार घ्यायचं नाही. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याला 'आलारम' म्हणतात. ११ सप्टेंबर २०२४, बुधवार, गौरी जेवायचा दिवस. सोळा भाज्या निवडायच्या म्हणून पहाटे पाचला अख्खा फ्रीज ओट्यावर रिकामा केला, आणि मागून आवाज आला तो एकाच गळ्याचा. माझ्या ते लक्षात आलं होतं. पण गॅसवर पुरणाची डाळ होती, बाराला सवाष्णी यायच्या होत्या. लक्षात आलेली गोष्ट मनावर घ्यायला त्या दिवशी जागा नव्हती.

हे चौघं म्हणजे गिनीपिग. डिसेंबर २०२० मध्ये, कॉलेज मोबाइलवर भरत असताना, मुलीनं हट्टानं दोन आणले, सातशे रुपयाला एक. दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं, दोन्ही माद्या. एकीचं नाव भाकरी, दुसरीचं ठेचा. फेब्रुवारीत एका सकाळी पिंजऱ्यात चौघं दिसली. पिल्लं जन्मली तीच मुळी उघड्या डोळ्यांची, अंगभर केसांची, आणि दुपारपर्यंत आईच्या मागे पळणारी. ठेच्याला नाव आधीच बरोबर पडलं होतं म्हणायचं; त्याची रवानगी शेजारच्या वेगळ्या पिंजऱ्यात झाली. पिवळट पिल्लाचं नाव पिठलं, तांबड्याचं चटणी. दोन्ही माद्याच, पण पिठल्याला आम्ही आजही 'ते'च म्हणतो, मराठीचा नाइलाज. पुढे मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला पुण्याला गेली आणि जेवणाचं हे ताट साताऱ्यात माझ्यापुढे राहिलं.

खरं सांगायचं तर मला त्यांचा लळा वगैरे नव्हता. काम होतं. पेपर बदलायचे, पाण्याची बाटली धुवायची, मोती चौकातून दूर्वा आणायच्या. परदेशी वाळलेलं गवत मिळतं, पण त्याचा भाव ऐकून आमचे हे म्हणाले, एवढ्यात म्हैस पोसता येईल. दूर्वा त्यांना उत्तम चालतात. साताऱ्याच्या पावसात त्या ओल्याचिंब मिळतात आणि ओल्या गवतानं पोट फुगतं, म्हणून जुन्या साडीवर पसरून रात्रभर पंख्याखाली वाळवायच्या. आणि रोज एक फोड पेरू. माणसासारखंच या प्राण्याचं शरीरही क जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही; खाण्यातून मिळालं नाही तर हिरड्या, सांधे सगळं बिघडतं. १९०७ मध्ये नॉर्वेतल्या दोन संशोधकांना स्कर्व्ही प्राण्यांत पहिल्यांदा दिसला तो यांच्यातच, हे मुलीनं मला दोनदा तरी ऐकवलंय. मूळचे तिकडचे, पेरू देशाकडच्या डोंगरांतले. पेरूतून आलेले पेरू खातात, हा विनोद आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही ऐकवायचो.

त्या गणपतीत आमच्याकडे आणखी एक पाहुणा होता. समोरच्या वहिनी दरवर्षी चतुर्थीला देवगडला गावी जातात. या वेळी त्यांच्या मुलाचा ससा होता, बर्फी. "आठ दिवसांचा प्रश्न आहे, तुमच्याकडे तर सवयच आहे," असं म्हणत त्यांनी गुरुवारी, पाच तारखेला, पिंजऱ्यासकट बर्फी आणून ठेवली. शेजारधर्म. नाही कसं म्हणणार? ठेवली मागच्याच खोलीत, कारण हॉलमध्ये गणपती बसणार होते. बर्फी अगदी तुकतुकीत. पुतणे आले होते, त्यांनी तिला बाहेर काढून चौघांच्यात सोडून फोटोही काढले. फोटो अजून आहे. ससा मधोमध, आणि चटणी त्याच्या नाकाला नाक लावून.

बारा तारखेला, गौरी जायच्या दिवशी, मी मागच्या खोलीत जरा निवांत बसले तेव्हा दिसलं. ठेचा कोपऱ्यात पाठ काढून बसलेला, केस पिंजारलेले, डोळे अर्धे मिटलेले. श्वास घेताना कुशी भात्यासारख्या आत-बाहेर होत होत्या आणि प्रत्येक श्वासाला घड्याळासारखं बारीक टिक्‌ वाजत होतं. भाकरीच्या नाकाभोवती वाळलेला पांढरट थर. पिठल्याच्या पुढच्या पायांचे केस आतल्या बाजूनं चिकट झालेले. नाक पुसून पुसून होतात तसे. कालच्या दूर्वा तशाच पडून. चटणी तेवढी गजांना तोंड लावून ओरडत होती.

आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं माहेर कोरेगावकडचं, गुराढोरांतलं. त्या एवढंच म्हणाल्या, "जनावर खायाचं थांबलं, की थांबलंच बघ. आजच्या आज कायतरी कर."

गावात जनावरांचे एक डॉक्टर आहेत, माणूस सज्जन. गायी-म्हशी आणि कुत्री बघतात. त्यांनी स्टेथोस्कोप लावायचा प्रयत्न केला, त्याची चकती ठेच्याच्या छातीपेक्षा मोठी. सर्दी छातीत उतरलीय म्हणाले आणि लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप थेंबांत लिहून दिलं. मी ते आणलं, पाणी घालून बाटली हलवली, आणि पहिला थेंब देण्याआधी मुलीला फोन लावला. नाव ऐकताच ती किंचाळली. "आई, देऊ नकोस! ते पेनिसिलिनच्या जातीतलं आहे." गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू त्यानं मरतात, वाईट माजतात, आणि दोन-चार दिवसांत हगवण लागून प्राणी जातो. जे औषध आपण पोरांना डोळे झाकून देतो तेच यांना विष. मी डॉक्टरांना परत फोन केला, थोडी भीतभीतच. ते शांतपणे म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं. बरं झालं विचारलंत. हा माझा प्राणी नाही, तुम्ही पुण्याला घेऊन जा." असं म्हणायलाही मोठेपणा लागतो. ती बाटली मी बरेच दिवस फेकली नव्हती.

शुक्रवारी पहाटे निघालो. दुपारनंतर गणपतीमुळे पुण्यात रस्ते बंद, म्हणून आठच्या आत पोचायचं होतं. भाजीच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये टॉवेल घालून तिघांना ठेवलं, वरून आत्यांची सुती साडी बांधली. खंबाटकीच्या बोगद्यात गाडी शिरली की आवाज घुमतो. तेवढा वेळ मी साडीखाली हात घालून ठेच्याच्या पाठीवर ठेवला होता. हाताला श्वास लागत होता म्हणून हात काढवेना. खेड-शिवापूरच्या टोल नाक्यावर थांबलो तेव्हा हे म्हणाले, "चौथी का नाही आणली?" मी म्हटलं, ती ठणठणीत आहे, उगाच तिला कशाला दमवायचं.

पक्षी, ससे, कासवं बघणाऱ्या त्या डॉक्टरबाई तरुण होत्या. आधी काटा. ठेचा ९०५ ग्रॅम. "एरवी किती असतो?" गेल्या महिन्यात मुलीनं घरी येऊन सगळ्यांची वजनं केली होती, ती मोबाइलमध्ये सापडली: १०४०. भाकरी ९६०ची ८९०. पिठलं ८८०चं ८४५. बाई म्हणाल्या, "यांचा ताप, दुखणं चेहऱ्यावर दिसत नाही. रानात आजारी दिसलं की आधी त्यालाच पकडतात, म्हणून हे शेवटपर्यंत लपवतात. काटा तेवढा खोटं बोलत नाही." मग त्यांनी विचारलं, घरात कुत्रा, ससा काही आहे का?

मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. सशाच्या आणि कुत्र्याच्या नाकात एक जंतू बिऱ्हाड करून असू शकतो, बोर्डेटेला नावाचा. आपल्या डांग्या खोकल्याच्या जंतूचा चुलतभाऊ. सशाला त्याचा बहुतेक वेळा काही त्रास नसतो, तो टुणटुणीत असतो. पण तोच जंतू गिनीपिगच्या फुप्फुसात गेला की न्यूमोनिया. साधारण आठवड्याभरात लक्षणं दिसतात. मी मनात बोटं मोजली. पाच तारीख ते अकरा. "म्हणजे सशामुळेच?" "नाकातला नमुना तपासल्याशिवाय मी असं म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "पण दोघांना एका खोलीत ठेवू नका." आम्ही तो नमुना तपासला नाही. तेव्हा पैशांचा विचार केला, आणि नंतर वाटलं, कळून करायचं काय?

ठेच्याला दोन तास ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलं. एन्रोफ्लॉक्सासिन प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे, दिवसातून दोनदा. क जीवनसत्त्वाचे थेंब. नेब्युलायझरनं मिठाच्या पाण्याची वाफ. आणि औषधापेक्षा महत्त्वाचं म्हणजे दर चार तासांनी हातानं भरवायचं, रात्रीसुद्धा. यांचं आतडं रिकामं राहून चालत नाही, एकदा थंडावलं की पुन्हा सुरू करणं कठीण. निघताना त्यांनी विचारलं, "चौथी?" खातेय, ओरडतेय, म्हटलं. "मग औषध नको. पण तिचंही वजन रोज करा. रोज." मी हो म्हटलं. बिल ३,४०० झालं. परत येताना ह्यांनी हिशेब केला, तेवढ्यात जवळजवळ पाच नवीन आले असते. ते टोचायला नाही म्हणाले. ते पतपेढीचे हिशेब तपासतात, त्यांना समोर दिसेल त्याचा भागाकार करायची सवय आहे.

घरी आल्यावर मी एक शंभर पानी वही घेतली आणि तीन पानं पाडली. वर नाव, खाली रकाने: वेळ, वजन, औषध, किती भरवलं, लेंड्या. हो, लेंड्यासुद्धा. निरोगी लेंडी खजुराच्या बीसारखी असते. या दिवसांत ठेच्याच्या तांदळाएवढ्या, त्याही मोजून पाच-सहा. माझ्या आयुष्यात कुणाच्या शीची मी इतकी वाट पाहिलेली नाही, मुलीच्या लहानपणीही नाही.

भरवायची रीत अशी. त्यांचा कोरडा खुराक कोमट पाण्यात भिजवायचा, चहाच्या गाळणीतून चमच्यानं दाबून काढायचा, की पिठल्याएवढं सरसरीत होतं. ते एक मिलीच्या बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरायचं. प्राण्याला फडक्यात घट्ट गुंडाळून मांडीवर घ्यायचं आणि सिरिंज समोरून नाही, तोंडाच्या कडेनं, पुढच्या दातांच्या मागच्या फटीत सरकवायची. थेंब थेंब. तो चावायला लागला की पुढचा. एका वेळी प्रत्येकाला दहा ते बारा मिली, म्हणजे दहा-बारा सिरिंजा. तिघांचं होईपर्यंत सव्वा तास. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, सहा, रात्री दहा, दोन. पहिल्या रात्री मी ठेच्याला जरा मागे कलता धरला तर आत्या अंधारातून ओरडल्या, "अगं उताणं नको धरूस त्येला, ठसका लागंल! आपल्या पायावर बसल्यागत धर." दुसऱ्या रात्री दोनच्या गजराला मी उठले तर स्वयंपाकघरात दिवा होता. आत्या पाटावर बसलेल्या, मांडीवर भाकरी, डाव्या हाताच्या अंगठ्यानं तिचा गाल हलकेच मागे ओढलेला. आई मेलेल्या वासरांना त्यांनी बोळ्यानं दूध पाजलेलं आहे. त्यांच्या हाताला ते माहीत होतं. "मला झोप कुठं येतीय," म्हणाल्या, "तू सहाचं बघ." गणपतीच्या दिवसांत यांना शिवायचं नाही असा त्यांचाच दंडक होता. मी तो काढला नाही, त्यांनीही नाही. रात्री दोनचं सोवळं वेगळं असावं.

दोघींच्या पाळ्या झाल्यावर नवा घोळ सुरू झाला: औषध कुणाला दिलं आणि कुणाला राहिलं. अर्धवट झोपेत वहीत लिहायचं राहून जाई. औषध दोनदा गेलं तरी वाईट, राहिलं तरी वाईट. त्यावर तोडगा ह्यांचा. कपडे वाळत घालायचे चिमटे घेतले, ठेच्याला लाल, भाकरीला पांढरा, पिठल्याला पिवळा. सकाळचं औषध दिलं की चिमटा पिंजऱ्याच्या डावीकडून उजवीकडे, रात्रीचं दिलं की परत डावीकडे. नेब्युलायझरसाठीही त्यांनीच लाडवांचा मोठा प्लास्टिकचा डबा काढला, झाकणाला भोकं पाडली, बाजूनं नळी घातली. त्या डब्यात पिठलं धुक्यात बसल्यासारखं दिसायचं, फक्त डोळे बाहेर.

सोमवारी कामावर जाणं शक्य नव्हतं. शनिवारी अर्ज टाकला होता, कारण: घरात आजारपण. साहेबांनी विचारलं, कोण आजारी? मी म्हटलं, घरातले तिघं. ते हळहळले, डेंगी आहे का म्हणाले. मी खोटं काही बोलले नाही, पण खरंही पुरतं बोलले नाही. एका सहकारिणीला मात्र माहीत होतं, तिनं नंतर सगळ्यांत सांगितलं, आणि 'उंदरांची रजा' हा शब्द आमच्या शाखेत अजून चालतो. चालू दे.

आता जे सांगायचं ते जरा अवघड आहे. तीन आजारी जीव एकदम हाताशी असले की माया सारखी वाटली जात नाही. मला पिठलं आवडायचं. त्याचं मी आधी करायचे, त्याच्यासाठी लापशी कोमट असायची, ठेच्यापर्यंत पोचेतो ती गार झालेली. ठेच्याचं निम्मं-निम्मं आहे, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. शनिवारी रात्री तो एक थेंब गिळेना, सगळं हनुवटीवरून फडक्यात, आणि माझ्या मनात स्वच्छ शब्दांत आलं की हा गेला तर बरं, बाकीच्या दोघांना नीट वेळ देता येईल. मी त्याला तसाच धरून बसले होते. एक आजारी असला की आपण त्याच्यासाठी रडतो. तिघं असले की हिशेब करतो. रविवारी पहाटे वजन ८९८. त्याच दिवशी संध्याकाळी ९०२. चार ग्रॅम म्हणजे साखरेचा एक चमचाही नाही. मी ह्यांना हाक मारून काटा दाखवला.

सोमवारी ठेच्यानं आपणहून दूर्वेची एक काडी तोंडात घेतली आणि ती टोकापासून आत आत जात नाहीशी झाली. पेन्सिल शार्पनरमध्ये जाते तशी. भाकरी ९०५वर आली. संध्याकाळी मला पाच दिवसांत पहिल्यांदा मोकळं वाटलं, आणि मोकळं वाटल्यामुळे मी चटणीसमोर बसले.

ती गजांपाशीच होती. दूर्वा टाकल्या की धावत यायची, काडी उचलायची, मान हलवायची. मी रोज येताजाता एवढंच बघत होते: आली, उचलली, चला, खातेय. आता बसून पाहिलं, तर ती काडी तोंडात धरायची, दोनदा चावल्यासारखं करायची आणि खाली टाकायची. दुसरी उचलायची. तीही टाकायची. तिच्यापुढे टोकं चावलेल्या, न खाल्लेल्या काड्यांचा ढीग होता. मी तो सकाळीही पाहिला होता आणि वाटलं होतं, किती खातेय ही.

ओरडत मात्र नव्हती. फ्रीज दुपारी कितीदा तरी उघडला होता.

तिला परातीत घालून काट्यावर ठेवलं. गेल्या महिन्यात ९३०. काट्यावर ७८५. मी परात काढून शून्य करून पुन्हा ठेवली. ७८५. हाताला आधीच लागायला हवं होतं, पण हातात घेतलंच नव्हतं. ती बरी होती ना. तिघांना भरवून झालं की त्याच गाउनवर, त्याच हातांनी मी तिच्यापुढे दूर्वा टाकत होते. बरं जनावर आधी, आजारी नंतर, हात धुऊन, हे मला मुलीनं फोनवर सांगितलेलं होतं. वहीचं पान उलटून मी नवीन पानावर 'चटणी' लिहिलं. रकाने आखले. पट्टी शोधून आखले, हे मला नंतर फार लागलं. त्या दोन मिनिटांनी काही बिघडलं नसतं, पण तरी.

डॉक्टरबाईंना फोन केला. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. मिरवणुकीमुळे पुण्याचे मधले रस्ते बंद, त्यांचा दवाखानाही त्या दिवशी बंद. त्यांनी वजनावरून औषधाचं माप सांगितलं, लगेच सुरू करा, ऊब द्या, बुधवारी सकाळी पहिल्या नंबराला या. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तिच्याजवळ ठेवली. ती तिला टेकून बसली. रात्री दहाला सहा मिली गेलं, दोनला आत्यांनी चार घातलं. चटणीचा चिमटा हिरवा होता.

मंगळवारी दुपारी दीडच्या सुमाराला ती आत्यांच्या मांडीवर गेली. हिसका नाही, काही नाही. आत्या सिरिंज भरत होत्या, त्यांनी ती पुन्हा वाटीत रिकामी केली, आणि मग म्हणाल्या, "ही गेली गं." रस्त्यावर ढोलवाले सराव केल्यासारखं अधूनमधून वाजवत होते, मिरवणुकीला अजून वेळ होता.

मुलगी फोनवर म्हणाली, लगेच नेऊ नका, बाकीच्यांना दिसू दे, नाहीतर शोधत राहतात. मला ते पटलं नव्हतं, पण तिला टॉवेलवर भाकरीजवळ ठेवली. भाकरी आली. आपल्या लेकीच्या कानाचा वास घेतला, मग पोटाचा. एकदा नाकानं ढोसलं. मग तिथंच बाजूला बसून दूर्वा खायला लागली, चांगली मन लावून. पाच दिवस जिनं खावं म्हणून आम्ही जिवाचं रान केलं होतं ती खात होती, आणि मला तिचा राग आला. पिठलं जवळच गेलं नाही. हे संध्याकाळी कोरेगावच्या शेतात जाऊन बांधाकडेला पुरून आले. आमचे गणपती विसर्जनाला त्यांच्याशिवाय गेले.

बाकीचे तिघं सावरले. औषध दोन आठवडे चाललं. ठेच्याचा तो टिक्‌ आवाज दसऱ्यापर्यंत पुरत होता, मग गेला. वजनं अजूनही दर रविवारी होतात.

वहिनी शुक्रवारीच, आम्ही पुण्याहून परतलो त्या संध्याकाळी, देवगडहून आल्या होत्या. बर्फीला न्यायला आल्या तेव्हा हातात मालवणी खाजाचा पुडा आणि काजू. मी तेव्हा गाळणीत लापशी दाबत होते, फार बोलणं झालं नाही. नंतर दहा-बारा दिवसांनी आल्या, मागच्या खोलीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "चार होत्या ना?" मी म्हटलं, एक गेली, न्यूमोनिया झाला. "अगं बाई! पावसानं होतं असं," त्या म्हणाल्या आणि खरोखर हळहळल्या. त्यांचा मुलगा मागे उभा होता, नऊ वर्षांचा, काखेत बर्फी. मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हटलं, हो ना, पाऊस फार होता या वर्षी. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गप्प राहिल्या. मुलीला हे आवडलं नाही. तिचं म्हणणं, सांगायला हवं. उद्या त्या ससा आणखी कुणाकडे ठेवतील. तिचं बरोबर आहे. पण नमुना आपण तपासला नाही हे मी धरून बसते. आणि खरं म्हणजे, सशानं आजार आणला असेल, पण वजन मी केलं नव्हतं. हे दोन्ही एका वाक्यात कसं सांगायचं ते मला जमलेलं नाही.

२०२५ला चतुर्थी लवकर होती, २७ ऑगस्ट. त्याआधीच्या रविवारी वहिनी आल्या. बर्फीचं काय करायचं, मागच्या वर्षीसारखं ठेवाल का? हे पेपरमागून वर बघायला लागले. मी म्हटलं, ठेवीन की, पण तिची जागा बदलू नका, घाबरतात ती. किल्ली देऊन जा, मी दोन वेळा येऊन बघीन.

दहा दिवस मी सकाळ-संध्याकाळ समोर जात होते. बर्फी अजून तशीच तुकतुकीत. तिला पालक घालायची, पाणी बदलायची. आमच्या तिघांचं करून झाल्यावर जायची, आधी नाही. परत आल्यावर किल्ली खिळ्याला लावायची, गाउन बदलायचा आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचे.